न वाळणारं चित्र

बस हितं पोरा, माज्याकडं रंगकाम शिकतोस तर एका चित्राची गोष्ट सांगतो. बाहत्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडचा येडू मेंढरं घेऊन कर्नाटकात गेला, त्यो परत आलाच न्हाय. तीन वर्सं वाट बघून त्याच्या भावानं सोलापुरात माझ्याकडं जत्रंतला फोटो आणून दिला. म्हणाला, "आण्णा, रंगात मोठं चित्र करा. हार घालून भिंतीला लावू, गेला म्हणून सुटलं."

रंगातलं जवसाचं तेल मी घरीच करतो, बरणीत महिनाभर उन्हात ठिवून. आठ दिसांत रंग खडखडीत वाळतो. ह्ये चित्र मात्र वाळंनाच. भाऊ दर अमावस्येला यायचा, कडंला बोट लावायचा, चिकटलं की म्हणायचा, "आण्णा, तेल घातलंय का काकवी?" सारी पेठ हसली. गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. असं करत चार वर्सं झाली.

 

चित्र झालं त्याच दिवशी येडूची बायको म्हाळसाबाई एकटीच आली हुती. "आण्णा, ह्याला हार पडला की माजं कुंकू पुसतील," एवढंच बोलली. तवापासनं दर पंधरवड्याला मी त्यावर कच्चं करडईचं तेल चोळतो, ते लवकर वाळत न्हाय. पर चोळंल तसं येडूचं तोंडबी पुसत चाललंय, आन् मला आता नीट दिसंना. तुजा हात हलका हाय, माज्यामागं तू चोळत जाशील का?