बाळंतिणीच्या खोलीतली पेटी

देवाशप्पथ सांगते, यातला शब्दन्शब्द खरा! माझी जया जन्मली त्या आठवड्यात कोपरीच्या मिठागरात देवळाएवढा प्लास्टिकचा फुगा उतरला. त्याला बांधलेल्या पेटीवर लिहिलेलं, ‘उघडू नका. उजेड लागला तर सगळं वाया.’ आत सोनं असणार म्हणून दीर भिवा कोयता घेऊन धावला. सासूबाईंनी पेटी उचलून माझ्या अंधाऱ्या खोलीत जयाशेजारी ठेवली नि ओरडल्या, “बाळंतिणीच्या खोलीत शिरतोस, मेल्या?” भिवा परतला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून शास्त्रज्ञ साहेब आले. त्यांनाही उंबऱ्याबाहेरच बसवलं. म्हणाले, “मावशी, आभाळातून न दिसणारे कण बरसतात. आतल्या फोटोच्या काचांवर त्यांच्या रेघा उमटल्यात. माझं वर्षभराचं काम आहे.” सासूबाईंनी तीट लावून पेटी बाहेर आणली. “घे बाबा, दोघी सुखरूप.” साहेबांनी हातात घेताच पेटी रडायला लागली. बरं, एवढं मी रचलं. रडले ते साहेब.