दारामागची पिशवी

डेन्व्हरच्या विधानभवनात आमदार यादिरा भाषणासाठी सभागृहात शिरणार, तोच दाराशी आई दिसली. तिच्या हातातली पिशवी बघून यादिरा थबकली. मेक्सिकोतून आलेल्या आईकडे या देशात राहायची कागदपत्रं नव्हती. कधी उचलून नेतील याचा नेम नाही, म्हणून कपडे आणि औषधं भरलेली ती पिशवी यादिराच्या लहानपणापासून घरी दारामागे टांगलेली असायची. अशा माणसांना राज्याच्या पोलिसांनी पकडू नये, यासाठीच आजचं विधेयक होतं. "आई, इथेसुद्धा ही घेऊन आलीस? लेकीवर एवढाही भरवसा नाही?" "उघडून बघ." आत मक्याच्या पानांत गुंडाळलेले तमाले वाफाळत होते. "आणि कपडे?" "कपाटात ठेवले." "अगं, मतदान व्हायचंय अजून!" "होऊ दे की. जिंकलात तर गरम खा, हरलात तर गार, आणि उद्या परत भांडा. ही पिशवी मी दारामागे पुन्हा टांगायची नाही."