धुराड्यातला बूट

रूबेन गवंड्यानं आणखी एक वीट उपसली, भगदाडात हात घातला आणि शिवीच हासडली. हातात लहान पोराचा बूट निघाला. एकाच पायाचा, वाळून लाकूड झालेला, टाचेशी झिजलेला.

त्याच क्षणी वरच्या खोलीतला आवाज थांबला.

‘ब्लाइंड हेरन’ या जुन्या पबमध्ये तो आवाज रोजचाच. ओकच्या जुन्या फळ्यांवरून कुणीतरी छोटं चालतंय असा. एक पाय वाजायचा, दुसरा नाही. गिऱ्हाइकं वर बघून ‘पोरगी उठली वाटतं’ म्हणायची आणि परत आपल्या बिअरकडे वळायची. पबची मालकीण एनिड पार्डो तर नवरा गेल्यापासून रोज सकाळी छताला विचारायची, ‘झोप झाली का गं?’ बाईला मूल नाही, बाळ नाही. एका अंगाला कललेल्या त्या भल्यामोठ्या घरात तिला दुसरी सोबत होती कुठं?

मोटारीतून येणाऱ्या लोकांना हल्ली जुनं काहीतरी बघायला लागतं. म्हणून तिनंच धुराड्याखालची, विटांनी बुजवलेली शेकोटी उघडायचं काढलं होतं. हौस नडली, दुसरं काय!

“ठेव तो खाली,” कोपऱ्यातला म्हातारा विल्फ म्हणाला. दुपारच्या त्या वेळी गिऱ्हाईक म्हणून तो एकटाच होता. “माझा आज्जा सांगायचा, घर बांधताना धुराड्यात पोरानं वापरलेला बूट चिणायचे. वरून काही वाईट उतरलंच, तर त्यानं बुटालाच पोर समजावं आणि तिथंच अडकून बसावं.”

“मग अडकलं का काही?” रूबेननं हसायचा प्रयत्न केला.

“अडकली की. ज्या पोरीचा बूट, तीच.”

आणि मग जिना वाजला. धुराड्याला बिलगून वळत खाली येणारा तो अरुंद जिना, तळाशी फळ्यांचं दार. एक पाऊल वाजत होतं, एक नाही. दाराशी येऊन ते थांबलं. पलीकडे कुणीतरी उभं होतं.

विल्फनं टोपी काढली आणि गल्ल्यामागच्या एनिडकडे वळला. “देऊन टाक, एनिड. दार उघड आणि पायरीवर ठेव. जाईल बिचारी आपल्या घरी.”

एनिडनं रूबेनच्या हातातून बूट घेतला. अजून ऊब आहे का बघावं तसा दोन्ही हातांत धरून उभी राहिली. दाराकडे एक पाऊल टाकलं. मग तिचा चेहरा पडला.

“आणि मग वर कोण राहील?” ती म्हणाली.

“अगं, लेकरू आहे ते! कोंबडी आहे का डालायला?”

“तुला घरी गेल्यावर बायको ओरडते, विल्फ. मला ओरडायलाही कुणी नाही.” तिनं बूट होता तिथं ठेवला. “रूबेन, चुना दे.”

“मालकीणबाई, मी नाही हात लावणार.”

“नको लावूस.”

थापी तिनंच उचलली. वेडीवाकडी का होईना, वीट बसवली, चुना भरला, तळहातानं दाबून घेतला. दारापलीकडून एक बारीकसा हुंदका आला. तो तिघांनीही ऐकला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

विल्फ अर्धा पेला तसाच टाकून उठला. असं त्यानं जन्मात केलं नव्हतं.

जिना पुन्हा वाजायला लागला, पण आता वरच्या दिशेनं. एक पाऊल वाजत होतं, एक नाही. एनिड चुन्याच्या हातांनी दाराला टेकली आणि मायेनं म्हणाली,

“हळू जा हं, सोन्या. वळणावरची पायरी वाकडी आहे.”