परक्यांनी भाड्याने घेतलेलं घर

दार उघडलं तर शिंपिणीच्या पुढ्यात जोडपं, थकलेली म्हातारी आणि चार बॅगा. “आठवड्यासाठी घर घेतलंय, पैसे भरलेत,” म्हणत नवऱ्याने मोबाइल पुढे केला. ऐन हंगामात फसून आलेली ही तिसरी पर्यटक मंडळी. आधीच्यांना तिने दारातूनच वाटेला लावलं होतं. आज तिने मोबाइलवरच्या जाहिरातीतला फोटो नीट पाहिला. तिचीच खोली, खिडकीला पिवळे पडदे. ते तिने परवाच शिवून लावलेले; त्यानंतर फक्त दीर येऊन गेला होता. तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याला फोन लावला. “वहिनी, सीझनमध्ये सगळेच हात धुऊन घेतात,” तो हसला. “द्या हाकलून.” सगळ्यात जड बॅग उचलून ती मंडळींना घेऊन मागच्या गल्लीत दिराच्या घरी गेली. त्याने दार उघडताच तिने म्हातारीला आधी आत पाठवलं. “भावजी, पैसे तुम्ही घेतलेत, आता आठवडाभर अंथरुणंही तुम्हीच घाला.”