जंतूंचा साखरी अंगरखा

मानवजातीचं सर्वात जुनं युद्ध त्या सकाळी संपलं. रणांगण होतं हेमंतराव सबनिसांचा खालचा जबडा.

हिरड्यांतले जंतू आपल्या प्रथिनांवर साखरेचा अंगरखा चढवतात, म्हणून शरीराचे पहारेकरी त्यांना घरचेच समजतात. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चुळा भरायला दिलेल्या नव्या द्रावणानं तो अंगरखाच उतरवला. उघडे पडलेले जंतू महिन्याभरात हाकलले गेले. हलणारे दात घट्ट झाले. शिवाय तोंडाची जुनी दुर्गंधी गेली, जी हेमंतराव सोडून साऱ्या सोसायटीला माहीत होती.

शेवटची चूळ टाकून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. वर्षाताई कोथिंबीर निवडत होत्या. नवरा जवळ येऊन बोलला की त्या वर्षानुवर्षं तोंड फिरवून "काय म्हणालात?" विचारायच्या. बिचारीला ऐकू येत नाही, म्हणून हेमंतरावांनी त्यांना कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. तरीही ते लांबूनच ओरडायचे. बायकोशी हळू बोलायचं राहूनच गेलं होतं.

"अगं, दात घट्ट झाले!" ते ओरडले.

"ओरडताय कशाला? इकडे या."

ते जवळ गेले. वर्षाताईंनी तोंड फिरवलं नाही. हेमंतराव धीर करून कुजबुजले, "आज छान दिसतेस."

"आजच?"

हेमंतराव चपापले. "तुला ऐकू आलं?"

"पहिल्यापासून येतं."

हेमंतरावांना तिचं इतकी वर्षं फिरवलेलं तोंड आठवलं. त्यांनी तळहातावर श्वास सोडून हुंगला, आज त्याला वास नव्हता, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "मग सांगायचं नाहीस का गं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं." त्या आणखी जवळ सरकल्या. "अहो, आता हे यंत्र काढू का? कान फार खाजतो."