ज्यांनी धूर घेतला

“काळं नको,” मॅनेजर मुगेर्वा म्हणाला. “आज हॉटेलचं उद्घाटन आहे, मॅडम. पाहुणे मजेत आलेत.”

सेमहारने स्वतःच्या झग्याकडे पाहिलं. आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं, तोवर दुसरा रंग अंगाला लागणार नव्हता. हे तिने त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हा त्याने “अरेरे” म्हणून मान हलवली होती. आता त्याने एक पांढरी ओढणी पुढे केली. हॉटेलनेच मागवलेली, काठाला भरतकाम, घडीही न मोडलेली.

“वरून घ्या नुसती. फोटोत बरं दिसतं.”

तिने घेतली. दर शनिवारचा हा कॉफीचा कार्यक्रम मिळाला तर काबालागाला वस्तीतली आईची कॉफी भाजायची भट्टी टिकणार होती. नाहीतर महिनाअखेरीस जागा सोडायची होती. त्या भट्टीतून वस्तीतल्या मयताच्या प्रत्येक घरी ताजी भाजलेली कॉफी जायची, न मागता. घर त्यांच्यासारख्या एरिट्रियाहून आलेल्यांचं असो, इथल्याच बागांडा लोकांचं असो, की काँगोवाल्यांचं. निरोप घेऊन येणाऱ्याला आई एवढंच विचारायची, “माणसं किती बसलीत?”

हॉलच्या मधोमध हॉटेलने प्लॅस्टिकचं गवत अंथरलं होतं. सेमहार त्यावर बसली. शेगडी फुलली होती. तिने धुतलेल्या बिया तव्यात टाकल्या आणि हलवत राहिली. बिया पिवळ्या झाल्या, तांबूस झाल्या, तडतडल्या, त्यांना तेल सुटलं. मग धूर निघाला.

तवा हातात घेऊन ती उठली आणि एकेकापुढे गेली. घरी असंच करतात. पाहुण्याने हाताने धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा, मगच बिया कुटायच्या.

“अगं बाई, केसांना वास राहील!” निळ्या झग्यातली एक बाई हसत म्हणाली. तरी तिने धूर ओढला, आणि दुसऱ्यांदाही ओढला. कोणी एका हाताने धूर घेतला, दुसऱ्या हाताने फोन धरला. सेमहारने कोणाला वगळलं नाही. दारावरच्या पहारेकऱ्याकडे गेली. स्वयंपाकघराच्या दारात नाकिबुका कप विसळत होती, तिच्यापुढेही तवा धरला. नाकिबुका त्यांच्याच गल्लीतली. तिच्या नवऱ्याच्या मयताला आईची कॉफी गेली होती.

“हात ओले आहेत गं पोरी,” म्हणत तिने तोंडच पुढे केलं.

धूर दाखवायचा आणि कॉफी द्यायची नाही म्हणजे वाढलेलं ताट उचलून नेणं, असं आई म्हणायची.

सेमहार परत येऊन बसली. लाकडी उखळ पुढे ओढलं, आणि तिला दिसलं की वेटर भरलेले कप वाटतायत. काउंटरवर एक मशीन घुरघुरत होतं. एकजण त्यातली कॉफी आईच्या जबनेत, त्या काळ्या पडलेल्या मातीच्या सुरईत ओतत होता आणि सुरईतून कपांत.

“मी अजून कुटली नाही,” ती म्हणाली.

“कुटायची नाहीच आहे.” मुगेर्वा वाकून हळू बोलला. “एवढा वेळ आहे कोणाला? वास झाला, फोटो झाले. छान झालं तुमचं काम.”

“कॉफी तीनदा देतात. पहिली, दुसरी, आणि मग आशीर्वादाची.”

“एक पुरे. भाषणं आहेत.”

तो माइककडे गेला. वेटरने तवा उचलला, कचऱ्याचा डबा पायाने पुढे ओढला आणि तवा कलता केला. सेमहारने तव्याची कड धरली. हात पोळला. तिने सोडली नाही. वेटरने सोडली.

“आपल्या शेजाऱ्यांची ही प्राचीन परंपरा,” मुगेर्वा माइकवर सांगत होता, “आमच्या हॉटेलने मोठ्या प्रेमाने जपली...”

सेमहारने ओढणी उतरवली. तिची नीट घडी घातली, उखळाखाली ठेवली. बिया उखळात ओतल्या आणि मुसळ उचललं.

पहिल्या घावाला मुगेर्वाचं वाक्य तुटलं. दुसऱ्या घावाला माना वळल्या.

“मॅडम! फरशी संगमरवरी आहे!”

“खाली पांढरं घातलंय.”

काही जण हसले. मुगेर्वा माइक सोडून आला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. “शनिवार विसरा मग. लक्षात येतंय ना? भट्टीसुद्धा विसरा.”

मुसळ वर थांबलं.

“त्यांनी धूर घेतलाय,” सेमहार म्हणाली. “असं कसं पाठवू?”

मुसळ खाली आलं.

नाकिबुका झग्याला हात पुसत बाहेर आली. तिने काउंटरवरची जबना उचलली, त्यातली मशीनची कॉफी कोपऱ्यातल्या कुंडीत ओतली, जबना विसळून पाणी भरलं, शेगडीवर ठेवली आणि प्लॅस्टिकच्या गवतावर फतकल मारून कोळसे फुंकायला लागली.

“तुझ्या आईने ते घुरघुरं बघितलं असतं,” ती म्हणाली, “तर तव्यात घालून त्यालाच भाजलं असतं.”

मुगेर्वाने पहारेकऱ्याला बोटाने खुणावलं. पहारेकरी आला. त्याने टोपी काढली आणि नाकिबुकाच्या पलीकडे टेकला. निळ्या झग्यातल्या बाईने हातातला भरलेला कप खिडकीत ठेवून दिला. पाठीमागे कोणाची तरी खुर्ची सरकली. निघायला की बसायला, ते कळलं नाही.

काळ्या झग्यातल्या सेमहारने मान वर केली नाही. ती कुटत राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, “बघ गं जरा. माणसं किती बसलीत?”