लाइनवरची दोरी

"गाडीच्या दाराचा बोल्ट सैल कोणी ठेवला?" साकाकिबारा साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. आमच्या नागोयाच्या मोटार कारखान्याचे प्रमुख म्हणून ते सोमवारीच आले होते. "नाव सांगा. तो माणूस आजच घरी जाईल."

लाइनवर कोणी मान वर केली नाही. आमच्या सुपरवायझर कुराचीबाईंनी तेवढा हात वर केला आणि लाइन थांबवायची डोक्यावरची दोरी ओढली. नेहमीचं गाणं वाजायला लागलं आणि अख्खी लाइन जागच्या जागी थांबली.

"हे काय चालवलंय?"

"आधी आभार, साहेब. दोरी ओढणाऱ्याचे आभार मानायचे आणि मग 'का' विचारायचं, अशी इथली रीत आहे."

साहेबांनी तोंड वाकडं करून आभार मानले. "का ओढलीत?"

"बोल्ट सैल राहतायत."

"का?"

"आवळायला वेळ पुरत नाही."

"का पुरत नाही?"

"गाडी हाताखालून पुढे निघून जाते."

"का?"

"सोमवारपासून लाइनचा वेग वाढवलाय."

साहेबांनी वर दोरीकडे पाहिलं. गाणं वाजतच होतं. आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघत होतो.

"मग थांबलात कशाला?" ते शेवटी म्हणाले. "घ्या की नाव. विचारा, वेग कोणी वाढवला."

कुराचीबाई कमरेत वाकल्या, अगदी रीतसर.

"वेग कमी करा साहेब, म्हणजे लाइन सुरू करते. आणि 'कोणी' ते आम्ही इथे विचारत नाही."